आधी गार करा, मग हलवा

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर राज्य शासनाचा पुरस्कार सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उन्हात बसून होती, कित्येक जण तर आदल्या दिवशीच गावाहून येऊन थांबले होते. कार्यक्रम संपता संपता माणसं कोसळू लागली आणि पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा 14 वर गेला. त्या दिवशी पारा होता 38 अंशांच्या आसपास. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या माणसाला हा आकडा उन्हाळ्यात काही विशेष वाटणार नाही. तिकडे नवतपात पारा 45 च्या पुढे जातो आणि तरी डोक्याला दुपट्टा गुंडाळून माणसं बाजारहाट करतात. मग 38 अंशांत एवढी माणसं गेली कशी?

पहिली गोष्ट म्हणजे हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवलेला असतो. डोक्यावर ऊन आणि खाली तापलेली जमीन घेऊन बसलेल्या माणसाला जे सोसावं लागतं ते त्या पेटीला कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: समुद्राकाठची दमट हवा. हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट ठरवायला किमान 40 अंशांची अट लावतं, किनारपट्टीला मात्र 37 अंशांची. या तीन अंशांच्या फरकामागे घामाचं सगळं गणित आहे.

माणसाचं शरीर ही सतत पेटती भट्टी आहे. नुसतं बसून राहिलं तरी तासाला 70-80 उष्मांक इतकी उष्णता तयार होते. फावडं मारताना, पोती वाहताना, भरतीच्या चाचणीत धावताना ती 400 उष्मांकांच्याही वर जाते. 60 किलो वजनाच्या शरीराचं तापमान एक अंशानं चढायला साधारण 50 उष्मांक पुरतात. म्हणजे अंगमेहनत करणाऱ्याची उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर सात-आठ मिनिटांनी त्याचा ताप एक अंशानं वाढेल. तसं होत नाही, कारण रक्त ही उष्णता कातडीपाशी आणतं आणि कातडी ती हवेला देऊन टाकते. पण कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की देवाणघेवाण उलटी होते आणि हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा.

एक लिटर घाम वाळला की तो सुमारे 580 उष्मांक घेऊन जातो. इथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम काहीही गार करत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र जातं. माठातलं पाणी नागपुरात गारेगार होतं आणि रत्नागिरीत जेमतेम, त्यामागे हेच कारण. माठ पाझरतो दोन्हीकडे, पण दमट हवेत तो पाझर वाळत नाही.

हे मोजायची एक जुनी आणि साधी युक्ती आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, वर वारा घालायचा आणि पारा कुठे थांबतो ते पाहायचं. घाम वाळवून शरीर जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. हवा 45 अंश आणि आर्द्रता 10 टक्के असेल, तर हा ओला पारा 22 च्या आसपास थांबतो. हवा 38 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल, तर तो 29 वर अडतो. म्हणजे शरीराच्या हिशेबात दुसरा दिवस पहिल्यापेक्षा पुष्कळ वाईट. ओला पारा 35 वर गेला तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल, असा हिशेब 2010 मध्ये मांडला गेला. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. दमट हवेत त्यांचं शरीर 31 अंशांच्या आसपासच हात टेकू लागलं. आणि हे तरुणांचं. सत्तरीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली.

कोरड्या उन्हाला मात्र यामुळे सौम्य समजू नये. विदर्भात घाम इतक्या झटकन वाळतो की आपल्याला घाम येतोय याचाच पत्ता लागत नाही. तासाला लिटरभर पाणी अंगातून जात असतं आणि अंगरखा कोरडाच असतो. शेवटी गार करायला पाणीच उरत नाही.

आता शरीराच्या आत काय चालतं ते पाहू. कातडीकडे जास्त रक्त न्यायचं म्हणून हृदय धावू लागतं आणि आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. घामामुळे रक्ताचं प्रमाणही घटलेलं असतं. इथपर्यंत चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, गळून जाणं असे प्रकार होतात. या टप्प्यावर माणूस शुद्धीत असतो, नीट बोलतो. सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी, पन्हं, ताक एवढ्यानं तो बहुधा सावरतो.

शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि मेंदू गडबडला की उष्माघात. उपाशी पडलेल्या आतड्याचं अस्तर झिरपू लागतं, तिथल्या जंतूंची विषं रक्तात उतरतात आणि सगळ्या शरीरात दाह उसळतो. रक्त नको तिथे गोठतं आणि मग गोठायचं तिथे गोठत नाही. स्नायू विरघळून त्यांचा चोथा मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. यकृताचं नुकसान बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उघडं पडतं. लहान मेंदूतल्या पेशी उष्णतेला फार नाजूक असतात, त्यामुळे जीव वाचूनही काहींची चाल कायमची अडखळती होते, बोलणं जड होतं. आणि या सगळ्यात तापमान किती चढलं यापेक्षा ते किती वेळ चढून राहिलं याला जास्त महत्त्व आहे. घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही, माणूस कोसळला तिथे सुरू होतं.

ओळखायचं कसं? अंग कोरडं ठणठणीत असेल तरच उष्माघात, असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं आणि त्यानं घात होतो. राबता राबता कोसळलेला मजूर किंवा धावपटू घामानं निथळत असू शकतो. खरी खूण मेंदूची असते. माणूस बरळू लागतो, आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येत नाही, उगाच भांडायला उठतो, झोकांड्या खातो, आकडी येते किंवा शुद्ध हरपते. भर उन्हात एखादा दारू प्यायल्यासारखा वागू लागला तर त्याला दारूडा म्हणून बाजूला सारण्याआधी त्याच्या छातीला, पाठीला हात लावून पाहावा. काखेतला किंवा कपाळावर रोखायचा तापमापक अशा वेळी फसवतो. खरं तापमान गुदद्वारातच कळतं. ते मोजायची सोय नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये.

तापाची गोळी देऊ नये, हे ठासून सांगायला हवं. मलेरियाच्या किंवा फ्लूच्या तापात मेंदूतलं उष्णता-नियंत्रण केंद्रच आपली पातळी वर नेऊन ठेवतं आणि पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. उष्माघातात ते केंद्र जिवाच्या आकांतानं शरीर गार करू पाहत असतं, पण बाहेरची उष्णता त्याला जुमानत नाही. तिथे गोळीला करण्यासारखं काहीच नसतं; आधीच होरपळलेल्या यकृतावर तिचा भार तेवढा पडतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणं तर आणखी धोक्याचं, ते फुप्फुसात जातं.

मग करायचं काय? गार करायचं. तिथेच, ताबडतोब, अर्ध्या तासाच्या आत. या आजारात हे जितकं खात्रीनं सांगता येतं तितकं फार थोड्या जीवघेण्या आजारांत सांगता येतं, आणि म्हणूनच त्याचे बळी पाहून जास्त वाईट वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॅल्मथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे 11 किलोमीटरची शर्यत होते. दमट उन्हाळ्यात जीव तोडून धावल्यानं तिथे दरवर्षी काही जणांना उष्माघात होतोच. शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात. कोसळलेल्याला उचलून थेट टबात ठेवतात आणि तापमान उतरल्यावरच बाहेर काढतात. 18 शर्यतींत मिळून उष्माघाताचे 274 रुग्ण तिथे नोंदले गेले. एकही दगावला नाही. बर्फाच्या पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतील आणि उष्णता आतच कोंडेल, ही भीती डॉक्टरमंडळींनाही वर्षानुवर्षं होती. प्रत्यक्षात बर्फाच्या पाण्याइतक्या वेगानं दुसरं काहीच तापमान उतरवत नाही: मिनिटाला साधारण दोन दशांश अंश, म्हणजे 42 चा ताप 39 वर यायला पंधरा मिनिटं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयानं 2024 च्या उन्हाळ्यात असेच टब बसवून उष्माघाताचा वेगळा कक्ष उघडला.

टब काही वीटभट्टीवर किंवा बाजार समितीच्या आवारात सापडणार नाही. ताडपत्री सापडते. रुग्णाला ताडपत्रीवर निजवायचं, चार-सहा जणांनी कडा उचलून झोळीसारख्या धरायच्या आणि आत पाणी नि बर्फ ओतायचा. डोकं वर, तोंड-नाक पाण्याबाहेर, आणि एक माणूस फक्त तेवढंच सांभाळायला. पाणी हलतं ठेवायचं, कारण अंगालगतचं पाणी लगेच कोमट होतं. टबापेक्षा वेग थोडा कमी मिळतो, पण जीव वाचवण्याइतका मिळतो. बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न उन्हाळ्यात आपल्याकडे फारसा पडू नये. रसवंती, सरबताची गाडी, मासळीचा बाजार, कुल्फीवाला, यांतलं काहीतरी हाकेच्या अंतरावर असतंच.

बर्फ नसेल तर ओलं करून वारा घालायचा. मक्केत हज यात्रेकरूंसाठी 1980 च्या सुमारास एक यंत्र तयार झालं, त्याची रचना मला फार शिकवणारी वाटते. रुग्णाला जाळीच्या झोळीवर ठेवायचं, म्हणजे पाठही उघडी राहते. अंगावर 15 अंशांच्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि वारा घालायचा तो मात्र गरम, चक्क 45 अंशांचा. वारा गरम ठेवल्यानं कातडी थंडगार पडत नाही, तिच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि पाणी वाळतच राहतं. आपल्याकडे खेड्यात सुंभाची बाज असते. त्या बाजेवर कपडे सैल करून माणसाला निजवलं, वरून गार पाणी शिंपडत राहिलं, दोन जणांनी पुठ्ठ्यानं नाहीतर टेबलफॅननं वारा घातला, मानेशी, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली, तर मक्केच्या यंत्राचं बरंचसं काम तिथेच होतं. कोकणात, मुंबईत या पद्धतीचा गुण कमी येतो. तिथे बर्फ शोधावाच. म्हाताऱ्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला पूर्ण बुडवण्यापेक्षा ओलं करणं आणि वारा घालणं डॉक्टरांना जास्त सुरक्षित वाटतं.

108 ला फोन पहिल्या मिनिटालाच करायचा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. आणि आपल्याकडचं नेहमीचं चित्र काय असतं? माणूस पडला की त्याच्याभोवती गराडा पडतो, वारा अडतो, कुणी कांदा नाकाशी धरतो, मग एखाद्या जीपमध्ये पाच-सहा जणांच्या मधे त्याला कोंबून तालुक्याच्या गावी नेतात. वाटेतला तो पाऊण तास सगळं संपवतो. म्हणून या आजारात क्रम उलटा आहे: आधी गार करा, मग हलवा. हलवावंच लागलं तर ओल्या चादरीत, खिडक्या उघड्या ठेवून आणि वाटभर पाणी शिंपडत.

कांद्याबद्दल राहून गेलं. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही याला आधार नाही. कांदा ठेवणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत, पण सोबत पाण्याची बाटली आहे ना हे विचारावं. पन्ह्याचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. कैरीचं पाणी, गूळ आणि मीठ हा घामातून गेलेलं भरून काढायला उत्तम मेळ आहे. दिवसभर घाम गाळून नुसतंच साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

उन्हाची सवय ही गोष्टही खरी आहे आणि तिला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. आठवडा-दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातला द्रव वाढतो, हृदयाचे ठोके कमी लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उष्माघातानं मजूर मरू लागले, तेव्हा त्यांना खाली उतरवण्याआधी अशी सवय लावायची पद्धत सुरू झाली. अमेरिकेत कामगार-सुरक्षेची शिफारस आहे की नव्या मजुराला उष्ण जागी पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांश वेळच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, कारण कामावरचे उष्माघाताचे बरेचसे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात. ही सवय टिकत नाही, दोन-तीन आठवडे सावलीत गेले की बरीचशी ओसरते. म्हणून मेअखेरच्या 44 पेक्षा मार्चमधले अचानक आलेले 40 कधी कधी वाईट ठरतात. आजारपणातून उठून कामावर परतलेला गडी हा नवा गडीच समजावा.

आतापर्यंत बोललो ते बहुतेक राबणाऱ्या, धावणाऱ्या, उन्हात बसलेल्या माणसाबद्दल. पण उष्माघाताचा दुसरा प्रकार घरात होतो, उन्हात पाऊलही न टाकता. पत्र्याच्या खोलीत राहणारी म्हातारी, जागेवरून हलू न शकणारा अर्धांगाचा रुग्ण, तान्हं मूल. दिवसा तापलेला पत्रा आणि भिंती रात्री आत उष्णता सोडत राहतात. शरीराला रात्री जी उसंत मिळायची ती मिळत नाही आणि दोन-तीन दिवसांत ते हरतं. रात्रीचं तापमान किती उतरलं याकडे म्हणूनच दुपारच्या आकड्याइतकंच लक्ष द्यायला हवं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं यांनी घाम किंवा रक्तप्रवाह अडतो. ती परस्पर बंद करू नयेत, पण उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणखी एक: खोलीतली कोरडी हवा 40 च्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अंग किंवा कपडे ओले ठेवले तरच त्याचा उपयोग.

अहमदाबादनं हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. 2013 मध्ये शहरानं उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. नागपुरानंही पुढे तसाच आराखडा हाती घेतला. इशारे, पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणं, छतांना पांढरा चुना देणं असं त्यात बरंच काही आहे. पण मला सगळ्यात जास्त भिडते ती अहमदाबादच्याच एका महापालिका रुग्णालयाची गोष्ट. तिथला प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर होता आणि वर काळ्या डांबराचं छत. उन्हाळ्यात जन्मलेली बाळं तापून अतिदक्षता विभागात भरती व्हायची. विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे भरती होणाऱ्या बाळांची संख्या लक्षणीय घटली. औषध बदललं नाही, यंत्र आणलं नाही, मजला तेवढा बदलला.

1,344 हा आकडा कसा निघाला तेही पाहण्यासारखं आहे. त्या महिन्यातले एकूण मृत्यू मोजले आणि आसपासच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा हा फरक दिसला. प्रमाणपत्रांवर त्यातल्या फार थोड्यांच्या पुढे उष्माघात लिहिलेलं असतं. बाकीच्यांपुढे हृदयविकार, मूत्रपिंड निकामी, वार्धक्य. डॉक्टर खोटं लिहितात असं नाही, हृदय खरोखरच बंद पडलेलं असतं. पण रुग्ण आला त्या क्षणीचं गुदद्वारातलं तापमान कागदावर नसेल, तर नंतर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि घरच्यांना भरपाईही मिळत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मार्च ते जून या काळात तीन गोष्टी हाताशी असायला हव्यात: 42 अंशांच्या वरही मोजणारा गुदद्वारात लावायचा तापमापक, बर्फ आणि एक ताडपत्री. तिन्ही मिळून खर्च किरकोळ आहे, आणि त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात हव्यात, पहिला रुग्ण आल्यावर नव्हे.